शेवटची येईपर्यंत

भुसावळ ते जळगाव रेल्वेनं 24 किलोमीटर. नोकरीसाठी, कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी आमच्या गावची माणसं हे अंतर रोज अप-डाउन करतात. मीही शाळेच्या नोकरीत आठ वर्षं केलं. त्यामुळे हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर असं 43व्या वर्षी पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी ते अंतर रुळांवरच मोजून पाहिलं. भादली मागे टाकायची, आणि जळगावचं यार्ड जवळ येतंय एवढं वाटेपर्यंत पायांनी जायचं. खिडकीतून हजारदा पाहिलेल्या केळीच्या बागा, पूल, फाटकं सगळी डोळ्यांपुढे आली. हे आपल्याच्यानं होईल का, हा प्रश्न त्या दिवशी मनात शिरला तो निघालाच नाही.

पहाटे पाचला जामनेर रोडवर पहिल्यांदा धावायला निघाले. दूध आणायला निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवलं. आमच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. त्या म्हणाल्या, “काय वं माय, कोनी मागं लागलं का? कुठं पयते?” त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. त्यांच्या आयुष्यात बाई पळते ती गाडी सुटत असेल तर, पोर पडलं असेल तर, किंवा घरात काही घडलं असेल तर. ‘ती पळाली’ या दोन शब्दांचा आपल्याकडे एकच अर्थ होतो, आणि तो बाईच्या नावाला चिकटून राहतो. गाडी धावते, देव हाकेला धावतो, घोडा धावतो. कुणाच्या हाकेला नाही, कुणाच्या भीतीनं नाही, अशा बाईच्या धावण्याला अजून आपल्या बोलण्यात जागा नाही.

जगातही ती जागा फार उशिरा मिळाली. 1928च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका 800 मीटर धावल्या. शेवटी काहीजणी दमून बसल्या एवढ्यावरून बायकांच्या देहाला हे झेपत नाही असं ठरवलं गेलं, आणि ती शर्यत 1960पर्यंत बंद राहिली. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली 1984 साली. तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, पण जन्मलेली होते. म्हणजे बाईचा दमसास 42 किलोमीटर पुरतो, हे अधिकृतपणे मान्य होऊन माझ्या वयापेक्षाही कमी वर्षं झाली आहेत.

धावण्यावरचा दुसरा आक्षेप वेगळा होता, आणि तो मला जास्त विचार करायला लावणारा वाटला. आमच्या गल्लीत एक निवृत्त गँगमन आहेत. उन्हातान्हात रूळ तपासत रोज मैलोगणती चालण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते म्हणाले, “ज्याला काम नाही त्यानं पळावं. आम्ही नोकरीत काय केलं मग?” मे महिन्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा याच भागात माणसं केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रक भरत असतात. त्यांच्यासमोर मी पैसे भरून, छातीला नंबर लावून, घाम गाळायला जायचं, याला काय म्हणायचं? ‘हौस आहे’ हे उत्तर त्यांच्यापुढे तोंडातून निघत नाही.

पण ‘हौशी’ या शब्दाचा इतिहास पाहिला तर गँगमन काकांचा आक्षेप जसा सरळ वाटतो तसा राहत नाही. 1866 साली लंडनच्या अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबनं हौशी खेळाडूची व्याख्या केली. त्या व्याख्येत कारागीर, मिस्त्री आणि मजूर यांना जागाच नव्हती. पैशासाठी कधीच न धावलेला मजूरही हौशी ठरू शकत नव्हता, कारण तो हातांनी काम करून पोट भरत होता. 1880मध्ये नव्या संघटनेनं ती अट काढली. आज अशी अट कुठल्या नियमावलीत नाही. तिची जागा आता प्रवेश शुल्क, बुटांची किंमत आणि सकाळची मोकळी वेळ यांनी घेतली आहे. काकांच्या तोंडून मी जे ऐकलं तो धावण्यावरचा राग नव्हता. आपल्याला कुणी कधी बोलावलं नाही, हे त्यात होतं.

आपल्याकडे लांब पल्ल्याचं धावणं सुरू झालं तेही हौशी बाबूंपासून नव्हे. 1919मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी खेड्यातली शेतकरी पोरं पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या खेळाडूंच्या जवळपास येतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यातून 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे खेळाडू गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षाही लांब, 42.75 किलोमीटरची होती. चौगुले 2 तास 50 मिनिटांत पूर्ण करून 19वे आले. शंभर वर्षांपूर्वीची ही वेळ आज आमच्या जिल्ह्यातल्या किती जणांना जमेल? आमच्या पुस्तकांत हे नाव मला सापडलं नाही. मी आता वर्गात मुलांना सांगते.

आजही खान्देशातल्या कुठल्याही शर्यतीत पुढे कोण असतं ते पाहा. पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी पोरं. त्यांना भरतीत 1600 मीटर धावायचं असतं आणि त्यावर आयुष्य ठरणार असतं. बक्षिसाच्या रकमेतून त्यांचा क्लासचा, खोलीभाड्याचा खर्च निघतो. मागे आम्ही असतो: डॉक्टर, शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, मुलं मोठी झाल्यावर थोडी मोकळीक मिळालेल्या बायका. एकाच रेषेवरून दोन वेगळी माणसं निघतात. एकाला धावून कुठेतरी पोचायचं असतं. दुसऱ्याला पोचल्यावर धावायला वेळ मिळालेला असतो. बारामतीच्या लताबाई करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या त्या पतीच्या तपासणीच्या खर्चासाठी, आणि पहिल्या आल्या. त्यांना हौशी म्हणायचं की गरजू? मला वाटतं ही वाटणी आपण सोडून द्यावी. शर्यत कुणाची, हे धावण्याच्या कारणावरून ठरू नये. संयोजकांनी रस्त्यावर कुणासाठी किती वेळ उभं राहायचं ठरवलं आहे, त्यावरून ते ठरतं. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे, आणि ती मला पायांनी शिकावी लागली.

आमचे अण्णा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. मी धावायला लागले आणि पहिल्याच महिन्यात नडगी दुखायला लागली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे इंजिनाकडे बघावं तसं बघितलं. “चढ लागायच्या आधी वाफ जमवायची,” म्हणाले. “चढावर फावडी मारून काही होत नाही. तू स्टेशन सोडल्या सोडल्या रेग्युलेटर पूर्ण उघडतेस.” अगदी तेच होत होतं. नवशिक्या माणसाचा श्वास आणि हृदय काही आठवड्यांत सुधारतात. स्नायुबंध आणि हाडं यांना महिने लागतात. म्हणून सहाव्या आठवड्यात आपल्याला वाटतं की जमलं, आणि नेमकं तेव्हाच पाय मोडून बसतो. मी वेग सोडला. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तुटलं तर हळू व्हायचं, हा एकच नियम ठेवला. यावल रोडनं तापीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. जाताना उतार बरा वाटतो, येताना तोच चढ होतो. दम धरणं, दमानं घेणं, दम काढणं या शब्दप्रयोगांत आपल्या भाषेनं हे शास्त्र कधीच सांगून ठेवलं आहे. मला ते त्या पुलावर कळलं.

पहिली शर्यत 10 किलोमीटरची. 1 तास 24 मिनिटं. शेवटच्या वळणावर अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाळेतल्या बक्षीस समारंभानंतर माझ्यासाठी टाळ्या वाजल्या त्या तेव्हाच. त्या दिवसाबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही. पहिला आनंद सगळ्यांचा सारखाच असतो.

दुसरी 21 किलोमीटरची, आमच्या गावाबाहेरच्या एका शहरात. मर्यादा साडेतीन तासांची. सहाला सुरू झाली. पंधराव्या किलोमीटरपर्यंत मी ठरवल्याप्रमाणे जात होते. त्या टेबलावर पाणी होतं, पण ते आवरत होते. अठराव्यावर टेबल होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. खाली चिरडलेले कागदी पेले, केळीच्या साली. दोन पोरं बॅनर गुंडाळत होती. त्यातलं एक म्हणालं, “मॅडम, झालं ना सगळं. टेम्पोत बसा.” माझ्या घड्याळात 2 तास 40 मिनिटं झाली होती. पन्नास मिनिटं शिल्लक होती, तीन किलोमीटर बाकी होते. ऊन चढलं होतं. माझ्या मागे आणखी तिघी होत्या, त्यातल्या एकीला चक्कर येत होती. आम्ही एका चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं हंड्यातलं पाणी दिलं, साखर दिली, चिमूटभर मीठ दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मी 3 तास 9 मिनिटांत पोचले तेव्हा कमान उतरवत होते आणि मंचावर बक्षीस समारंभातली भाषणं चालू होती. पदक एका खोक्यातून मीच काढून घेतलं.

त्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे अनेक ठिकाणी होतं. त्यामागे दुष्टपणा नसतो. एक समज असतो: मागे राहिलेल्यानं कमी केलं, म्हणून त्याला कमी द्यायचं. हा समज चुकीचा आहे, आणि तो शरीरशास्त्रानंच चुकीचा ठरतो. सपाट रस्त्यावर धावायला लागणारी ऊर्जा वेगावर फारशी अवलंबून नसते. ती वजनावर आणि अंतरावर असते. ढोबळ हिशेब म्हणजे दर किलोला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी. माझं वजन 68 किलो. 21 किलोमीटरला चौदाशेच्या वर किलोकॅलरी जातात, मी दोन तासांत जाऊ दे नाहीतर तीन तासांत. सव्वा तासात पोचलेल्या त्याच वजनाच्या मुलानंही साधारण तेवढीच खर्च केली. फरक असा की तो सव्वासातला सावलीत बसला होता, आणि माझं हृदय नऊ वाजून गेले तरी उन्हात त्याच कामाला जुंपलेलं होतं. पाणी, मीठ, सावली, डॉक्टर यांची गरज मागे वाढत जाते, आणि आपण व्यवस्था मात्र मागे कमी करत जातो.

नुसतं पाणीही पुरत नाही. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणापेक्षा खाली उतरलेलं निघालं. त्यात हळू धावणारे, रस्त्यावर जास्त वेळ राहिलेले आणि वाटेत पाणीच पाणी पीत गेलेले लोक जास्त होते. म्हणून शेवटच्या टेबलांवरही मीठ-साखरेचं पाणी हवं. आमच्या भागात केळ्यांची कमतरता नाही, लिंबांची नाही. हे खर्चाचं काम नाही, आठवण ठेवण्याचं आहे.

या बोलण्यावर मला एक उत्तर नेहमी मिळतं: मग घड्याळ लावताच कशाला, सगळ्यांनी आनंदानं चालावं, वारीसारखं. आमच्यापासून जवळच असलेल्या मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. विदर्भ, मराठवाडा ओलांडून जवळपास महिनाभर पायी. माझी आजी एकदा गेली होती. दमसासाच्या बाबतीत त्या वाटेपुढे कुठली मॅरेथॉन उभी राहणार नाही. पण वारीत वेळेचा हिशेब विठ्ठलाकडे असतो. वारकरी स्वतःला मोजायला जात नाही. मी मोजायला जाते. घरात, शाळेत, नात्यांत माझ्या कामाचं मोजमाप इतरांच्या हाती असतं आणि ते दर दिवशी बदलतं. घड्याळ बदलत नाही. मी बाई आहे, मास्तरीण आहे, चाळिशी ओलांडली आहे, हे त्याला ठाऊक नसतं. तीन तास नऊ म्हणजे तीन तास नऊ. म्हणून घड्याळ काढून टाका असं मी म्हणणार नाही. वेळेची मर्यादा हवी, आणि ती पाळलीही जायला हवी, दोन्ही बाजूंनी. साडेतीन तास सांगितले असतील तर 3 तास 31 मिनिटांनी येणाऱ्याला नाही म्हणा. पण 3 तास 29व्या मिनिटापर्यंत रस्ता उघडा ठेवा.

हे जमतं का? दक्षिण आफ्रिकेत 1921पासून जमवत आले आहेत. कॉम्रेड्स मॅरेथॉन नावाची ही शर्यत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांदरम्यान होते. अंतर 90 किलोमीटरच्या आसपास. ती सुरू केली विक क्लॅफम यांनी. ते पहिल्या महायुद्धातून परतलेले शिपाई होते, आणि नोकरीनं इंजिन ड्रायव्हर. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक घेऊन अण्णांकडे गेले. मेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून काहीतरी कष्टाचं करावं असं क्लॅफम यांच्या मनात होतं. पहिल्या वर्षी 34 जण निघाले, 16 पोचले. समुद्रकिनाऱ्याच्या डर्बनकडून वर जायचं ते ‘अप’ आणि वरून डर्बनकडे यायचं ते ‘डाउन’, अशी दिशा साधारण आलटून पालटून बदलते. भुसावळच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आज तिथं बारा तासांची मर्यादा आहे. बारा तास भरत येतात तसं स्टेडियम भरत जातं, कारण सगळ्यांना शेवटचे बघायचे असतात. मर्यादा संपते त्या क्षणी एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून गोळी झाडतो, आणि त्यानंतर रेषा बंद होते. पाठ करायची ती यासाठी की कोण जवळ आलंय हे बघून त्याचा हात थांबू नये. मला हा नियम क्रूर वाटत नाही. त्या गोळीआधीच्या शेवटच्या सेकंदापर्यंत तिथली सगळी माणसं जागेवर असतात.

आणि आपल्याला आफ्रिकेपर्यंत जायचीही गरज नाही. भुसावळच्या कुठल्याही रेल्वेवाल्याला विचारा, गाडी स्टेशनात आली हे कशावरून ठरतं? इंजिन आलं म्हणून ठरत नाही. शेवटच्या डब्यामागे एल.व्ही.ची, म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची, पाटी असते, रात्री लाल दिवा असतो. ती पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं धरत नाहीत, मागचा सेक्शन मोकळा देत नाहीत. न पाहता दिला तर मागे राहिलेल्या डब्यांवर दुसरी गाडी येऊन आदळेल. रेल्वेनं पिढ्यान्‌पिढ्या हे पाळलं. ते पाळणाऱ्या गावात शर्यतीची कमान शेवटचा धावपटू यायच्या आधी उतरू नये, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

संयोजकांच्या अडचणी मला माहीत आहेत. पोलिसांनी वाहतूक अमुक वाजेपर्यंतच थांबवून दिलेली असते. स्वयंसेवक कॉलेजची पोरं असतात, पहाटे तीनपासून उभी, भुकेली. पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं असतं. यातली पहिली अडचण खरी आहे, आणि तिचं उत्तर मर्यादाच तेवढी कमी जाहीर करणं हे आहे. साडेतीन तास लिहून तीन तास देऊ नका. दुसऱ्या अडचणीला उत्तर पाळी लावण्याचं: सुरुवातीची पोरं वेगळी, शेवटच्या टेबलांची वेगळी, ती पहाटे सहाला आली तरी चालेल. पाहुण्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की भाषणं शेवटचा माणूस आल्यावर व्हावीत.

2004मध्ये मुंबईची मॅरेथॉन सुरू झाली, 2012मध्ये साताऱ्याची घाटातली हाफ मॅरेथॉन, मग जळगावची खान्देश रन, आणि आता तालुक्याच्या गावांतही थंडीत नंबर लावलेली माणसं दिसतात. एवढ्या वेगानं ही गोष्ट पसरली की तिची रीत अजून ठरायची आहे. बैलगाडा शर्यतीची रीत आहे, कुस्तीच्या फडाची आहे. हरलेल्या मल्लाच्या हातातही चार पैसे आणि नारळ पडतो. धावण्याची रीत आत्ता ठरते आहे. पुढच्याच्या गळ्यात हार आणि मागच्याला रिकामं टेबल अशी ती एकदा पडून गेली, तर ती बदलायला पुढच्या पिढीला जड जाईल. ज्या बायका आज पहिल्यांदा घराबाहेर पडून धावतात त्या बहुतेक मागेच असणार आहेत. त्यांना एकदा “झालं ना सगळं, टेम्पोत बसा” ऐकावं लागलं, तर त्या पुन्हा येत नाहीत. माझ्याबरोबर टपरीवर थांबलेल्या तिघींपैकी दोघी पुन्हा आल्या नाहीत.

मी परत धावले. त्यानंतर तीन हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्या. सगळ्यात चांगली वेळ 2 तास 51. आमच्या इथल्या यंदाच्या शर्यतीत मात्र मी धावणार नाही. अठराव्या किलोमीटरचं टेबल मागून घेतलं आहे. गँगमन काकांना विचारलं, येता का. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि किती वाजता म्हणून विचारलं. आम्ही चौघं आहोत, आणखी सहा जण लागतील. मीठ, साखर, लिंबं, दोनशे केळी आणि भिजवलेली फडकी आमच्याकडे आहेत. ज्यांना सकाळी सहा ते साडेनऊ उभं राहता येईल त्यांनी यावं. साडेनऊच्या आधी कुणी जाऊ नये.